भिंतीकडं तोंड, गाणं चालू!

किस्से गोळा करायला आम्ही जमत नाही हो, जमतो गाणी ऐकायला! पण सहा माणसं दर आठवड्याला एका खोलीत बसून एकमेकांना आपापली लाडकी गाणी ऐकवायला लागली, की गाणी चार-पाच मिनिटांत संपतात आणि त्यांच्या मागं लागलेले किस्से काही संपत नाहीत. परवा रेश्मा म्हणालीच, "मोबाईलमध्ये अजून जागा हाय, माझं डोकंच फुल झालंय!" म्हणून थोडे इथं रिकामे करते.

आधी जागा सांगते. नारायणगावला चिकटून वारूळवाडी. तिथं दत्ताभाऊंची रोपवाटिका आहे. टोमॅटो, मिरची, फ्लॉवर, जे म्हणाल त्याची रोपं. गुरुवारी आमच्याकडं दुरुस्तीसाठी दुपारभर लाईट बंद असते. मग भाऊंची मोटर बंद, शैलाकाकूंचं शिलाई मशीन बंद, रेश्मा कामाला जाते त्या रक्ततपासणीच्या लॅबला सुट्टी. असे सगळे रिकामे झालेले लोक भाऊंच्या बियाण्याच्या खोलीत जमतात. बॅटरीवरचा स्पीकर आदल्या दिवशी चार्ज करून ठेवलेला असतो. गुरुवारी लाईट आली तर आम्हाला राग येतो!

आणि मी प्राजक्ता. बी.कॉम. झालेली आणि कुकरच्या शिट्टीला दचकणारी. पहिलीला दचकते ते ठीक आहे. दुसरी येणार हे माहीत असतं, तरी दुसरीलाही दचकते! रेश्मा माझी कॉलेजातली मैत्रीण. तिनंच मला ओढत इथं आणलं.

* * *

सुरुवातीला भिंतीचा नियम नव्हता. तो आला खुद्द भाऊंमुळं.

भाऊंना गाणं ऐकवताना ऐकणाऱ्याचं तोंड बघायची लई हौस! एका गुरुवारी त्यांनी एक जुनं भावगीत लावलं आणि थोरातसरांच्या गुडघ्याला गुडघा लावून बसले. सर म्हणजे रिटायर झालेले विज्ञानाचे शिक्षक. गाणं म्हटलं की डोळे मिटून, मान किंचित वाकडी करून ऐकणार. भाऊ मिटू देतील तर ना!

"सर, आता बघा हां... आता बासरी येतीय... आली! आली का न्हाई? थांबा, खरी मजा म्होरं हाय..."

सरांनी एक डोळा उघडला. "दत्ताभाऊ, मी गाणं ऐकू की तुम्हाला?"

"गाणंच ऐका की! मी कुठं काय बोलतोय? आता सारंगी... आली!"

शैलाकाकू उठल्या. काकू मूळच्या अवसरी बुद्रुकच्या, भाऊंच्या मावसबहीण. आता इथंच गावात ब्लाउज शिवतात. त्यांनी भाऊंचे दोन्ही खांदे धरले आणि स्टुलासकट त्यांना गर्रकन फिरवलं. तोंड भिंतीकडं!

"आता भिंतीला सांग सारंगी कवा येती ती!"

भाऊ गाणं संपेपर्यंत गप्प बसले. संपल्यावर वळून म्हणाले, "भिंतीला आवडलं!"

त्या दिवसापासून नियमच झाला. ज्याचं गाणं, त्यानं भिंतीकडं तोंड करून बसायचं. आणि गाणं संपेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही.

* * *

हा नियम सोपा वाटतो ना? मलाही वाटला होता. तोंड दिसत नाही, म्हणजे सुटलो! पण पाठ दिसते, हे लक्षात आलं नाही.

एकदा रेश्मानं एक गाणं आणलं. संथ, हळवं, प्रत्येक ओळीत चंद्र. ती भिंतीकडं बसली. आम्ही ऐकलं. मला तर डोळ्यांत पाणी यायला लागलं होतं. गाणं संपलं आणि काकू म्हणाल्या, "हे तुझं न्हाई."

"म्हंजे? माझंच हाय! माझं फेवरेट हाय!"

"न्हाई बाई. रोज पन्नास पाठी मापते मी. ज्याचं गाणं असतं त्याची पाठ गाण्याबरोबर हालती. तुझी पाठ दुसऱ्याच कोणाच्या तरी विचारात व्हती. कुणी पाठवलं हे?"

रेश्माच्या हातातलं पाण्याच्या बाटलीचं झाकण खाली पडलं. मी दचकले. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. सर खिडकीबाहेर बघायला लागले. भाऊंना मात्र राहवेना, "कोण गं? मंचरचा पोरगा का?"

काकूंनी त्यांना हातानंच गप्प केलं आणि रेश्माला शांतपणे म्हणाल्या, "त्याला सांग, पुढल्या गुरुवारी सोता यायचं आन् इथं भिंतीकडं तोंड करून बसायचं. मग बघू, गाणं त्याचं तरी हाय का ते!"

तो आला नाही. रेश्मा म्हणते, तिथंच निकाल लागला!

* * *

आता माझी पाठ.

पहिल्यांदा माझी पाळी आली तेव्हा मी एक शहाणं, सगळ्यांना चालेल असं गाणं निवडलं. गोड आवाज, मागं हळूच सतार, कोणाचंच काही बिघडणार नाही! भिंतीकडं बसले. भाऊंच्या भिंतीला निळा रंग आहे आणि त्यावर बियाण्याच्या कंपनीचं कॅलेंडर. मी त्यातल्या ढोबळ्या मिरचीकडं बघत बसले. श्वास घेतला की नाही, आठवत नाही.

गाणं संपलं. काकू म्हणाल्या, "पोरी, तुजी पाठ गवंड्यानं बांधल्यावानी हाय."

सगळे हसले. मीही हसले.

"हे बघ," काकू म्हणाल्या, "चांगलं गाणं आणू नको. तुझं आण. तुझं येईस्तोवर तू इथली पावणी."

झालं! त्यानंतर मी बरीच गाणी नेली. सगळी परकी. काकू दरवेळी माझी पाठ बघायच्या आणि एकच विचारायच्या, "काय पावणं, चहा घेणार?"

माझं गाणं नव्हतं असं नाही हो. होतं! पण ते त्या खोलीत लावायचं म्हणजे... सांगते पुढं.

* * *

थोरातसर फार अभ्यासू. गाणं लावण्याआधी प्रस्तावना करायचे. राग कोणता, ठेका कोणता, त्या काळी ध्वनिमुद्रण कसं व्हायचं, माईक कुठं ठेवायचे. एकदा प्रस्तावना इतकी रंगली की भाऊंनी मधल्या मध्ये उठून मिरचीच्या रोपांना झारीनं पाणी घातलं आणि परत येऊन बसले. सर अजून माईकवरच!

शेवटी सर म्हणाले, "आता ऐका," आणि भिंतीकडं वळले. रेश्मानं बटण दाबलं.

शांतता.

नियम म्हणजे नियम. कोणी बोललं नाही. थोड्या वेळानं भिंतीकडून सरांचा आवाज आला, "सुरुवातीला थोडी शांतता आहे."

आम्ही बसलो. कुठंतरी कोंबडा आरवला. मी दचकले.

परत भिंतीकडून, "थोडी जास्तच आहे."

रेश्मा हसू दाबून दाबून लाल झाली होती. स्पीकरची बॅटरी प्रस्तावनेतच संपली होती! पण सांगणार कोण? शेवटी सर स्वतःच वळले आणि चष्मा काढून स्पीकरकडं बघत राहिले.

काकू म्हणाल्या, "सर, गाणं लई आवडलं. चाल जरा संथ हाय, एवढंच!"

* * *

लक्ष्मणदादा घाटघरचे, वर डोंगरातले. तांदूळ घेऊन गुरुवारी जीपनं खाली येतात, दुकानांत पोचवतात आणि मग आमच्यात येऊन बसतात. बोलणं कमी. त्यांच्या घरी रेंज नाही. वर माळावर एक खडक आहे, त्यावर उभं राहिलं की दोन कांड्या येतात. तिथं उभं राहून ते गाणी डाउनलोड करतात. वाऱ्यात टोपी एका हातानं धरायची, दुसऱ्या हातात मोबाईल!

त्यांनी एकदा एक गाणं आणलं. बायको निघून गेलेल्या माणसाचं. तो तिला हाका मारतोय, मारतोय, आणि अर्ध्या ओळीतच गप्प होतो. संपलं! पुढं वाद्यसुद्धा नाही.

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. दादांची पाठ तर थरथरत होती. वळून म्हणाले, "म्होरं बोलवतच न्हाई त्याला. मधीच गप होतो. लई वरीस ऐकतोय मी. दर टायमाला वाटतं, आज तरी बोलंल."

सर हलक्या आवाजात म्हणाले, "काय धाडस आहे संगीतकाराचं!"

रेश्मा मोबाईलवर ते गाणं शोधत होती. शोधता शोधता तिचं तोंड उघडंच राहिलं. "दादा... हे अर्धंच डाउनलोड झालंय!"

तिनं पूर्ण गाणं लावलं. तो माणूस गप्प बसतच नाही! ओळ पूर्ण करतो, मग ढोलकी येते, मग ती बायको येते, मग दोघं मिळून एक कडवं म्हणतात आणि शेवटी सगळं गाव नाचतं.

दादांचं तोंड उतरलं. "ही परत आली व्हय?"

"आली की! चांगलं झालं ना, दादा?" मी म्हटलं.

"न्हाई," दादा म्हणाले. "हे कोणीतरी मागनं जोडलंय. एवढी वर्सं ती गेलेलीच व्हती. आता कशी येईल?"

सरांनी खूप विचार केला आणि निकाल दिला, "लक्ष्मणचंच बरोबर आहे."

आजही आमच्यात ते गाणं अर्ध्या ओळीपर्यंतच लावतात. पुढचं ऐकायचं असेल तर घरी जाऊन ऐका!

* * *

ओतूरकडचे एक पाहुणे रोपं न्यायला आले तो गुरुवार तर मी विसरणार नाही.

भाऊंचं गाणं चालू होतं, म्हणून भाऊ भिंतीकडं. बाकीचे आम्ही खाली मान घालून, गप्प. गाणंही असं, की लांबून अभंगासारखं वाटावं. पाहुणे दारात आले. आत बघितलं. चपला काढल्या. टोपी काढली. हात जोडून एका बाजूला उभे राहिले. नियमामुळं आम्हालाही काही सांगता येईना!

गाणं संपलं. पाहुणे पुढं झाले, भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "कवा झालं भाऊ हे? आमाला कळवलं पण न्हाई."

भाऊ दचकले. भाऊ दचकले म्हणून मी दचकले. "काय कळवायचं?"

"म्हंजे... कोण गेलं?"

भाऊंनी सगळं समजावून सांगितलं. पाहुणे आधी रागावले, मग लाजले, मग टोपी डोक्यावर ठेवून म्हणाले, "आसं हाय व्हय! मग आमचं बी एक लावा की!" आणि स्वतःच स्टूल भिंतीकडं वळवून बसले. एकावर भागलं नाही, तीन लावली. काकूंनी पाठ बघून सांगितलं, तिन्ही त्यांचीच!

खूश होऊन गेले. रोपं मात्र तिथंच विसरली!

* * *

आता माझ्या गाण्याचं.

ते खरं तर गाणंच नाही. अवसरीला माझ्या चुलतभावाचं लग्न होतं, त्या वरातीतली बँजो पार्टी मी मोबाईलवर रेकॉर्ड केली होती. धून कसली, कोणाची, काही माहीत नाही. ढोल असा की छातीत वाजतो. मध्येच जनरेटरच्या गाडीचा हॉर्न. एक माणूस ओरडतो, "ए, बाजूला सरका रं!" पुढं बँजोवाला असा काही सुटतो, असा सुटतो की बस्स!

कुकरला दचकणारी मी, त्या आवाजात मात्र कशालाच दचकत नाही. खोलीचं दार लावून, कानात इयरफोन घालून ऐकते आणि... नाचते. घरात कोणाला माहीत नाही.

आता हे थोरातसरांसमोर लावायचं? ते विचारणार, राग कोणता! लोकांना वाटणार, एवढीशी भित्री पोरगी आणि ही असली आवड! ते हसले असते तर त्यानंतर मला ते कधी एकटीनंसुद्धा ऐकता आलं नसतं. माझ्याकडं तेवढी एकच जागा होती, जिथं मी घाबरत नव्हते. तीही गेली असती.

आणि एका गुरुवारी व्हायचं तेच झालं. मी माझं शहाणं गाणं लावायला मोबाईल जोडला. स्पीकरमधली बाई एकदम इंग्रजीत किंचाळली, "कनेक्टेड!" मी जी उडाले, ती टोमॅटोच्या रोपांच्या ट्रेमध्ये पाय! त्या गडबडीत बोट भलतीकडं लागलं आणि स्पीकरमधून ढोल धडाडला. ढँण ढँण ढँण!

मी झडप घालून बंद केलं. "जाहिरात होती! मध्येच जाहिरात आली!"

"ट्रे गेला तर जाऊ दे," भाऊ म्हणाले, "पोरगी वाचली!"

सगळे रोपं गोळा करायला लागले. काकू तेवढ्या जागेवर बसून होत्या. माझ्याकडं बघत. म्हणजे, माझ्या पाठीकडं.

"जाहिरात चांगली व्हती," त्या म्हणाल्या.

* * *

मला चाकणला नोकरी लागली. सोमवारी हजर व्हायचं, म्हणजे हा माझा शेवटचा गुरुवार. पुढं गुरुवारी कोण सुट्टी देणार? सगळ्यांनी एकेक गाणं लावलं. रेश्मानं तर रडत रडत दोन लावली. माझी पाळी शेवटी.

"काय पावणं," काकू म्हणाल्या, "आज तरी?"

मी मोबाईल हातात घेतला. शहाणं गाणं समोरच होतं. अंगठा त्याच्यावर ठेवलाही होता. मग वाटलं, आज हे लावलं तर मी इथून पाहुणी म्हणूनच जाणार. कायमची. मोबाईल दोन्ही हातांनी धरला. मी बँजो लावला, आवाज पूर्ण वाढवला आणि पटकन भिंतीकडं वळले.

ढँण!

डोळे गच्च मिटले. पहिल्या ढोलाला वाटलं, आता सर खाकरणार. खाकरले नाहीत. हॉर्न आला, वाटलं, रेश्मा फुटणार. फुटली नाही. "ए, बाजूला सरका रं!" वाटलं, आता तरी भाऊ काहीतरी बोलणारच! नाही. आणि मग बँजोवाला सुटला.

आता खरं सांगते, मी थांबवायचा प्रयत्न केला. आधी टाच हलली. मग खांदा. मग स्टूल राहिलं बाजूला आणि मी उभी! हात वर! भाऊंचं कॅलेंडर खिळ्यावर हेलकावे खात होतं. मला कळत होतं, मागं पाच माणसं माझी पाठ बघताहेत. पण बँजो वाजत होता आणि मला त्याचं काहीच वाटेना!

संपलं.

खोलीत फक्त माझा श्वास. एरवी गाणं संपायच्या आत काकूंचा निकाल तयार असतो. आज काहीच नाही. सर नाहीत, भाऊ नाहीत, कोणीच नाही. वाटलं, संपलं सगळं. नसतं धाडस केलं.

मी हळूच वळले.

पाचही जणांनी आपापली स्टुलं फिरवलेली. सगळ्यांची तोंडं पलीकडच्या भिंतीकडं. माझ्यासमोर ओळीनं पाच पाठी. रेश्माचे खांदे अजून उडत होते. सरांची मान डावीकडं गेली ती तिथंच राहिली होती. लक्ष्मणदादांची एक टाच जमिनीला हळूहळू ठेका देत होती. काकूंचा पदर खांद्यावरून सरकला होता, त्यांना पत्ता नव्हता.

आणि भाऊ, ज्यांना दुसऱ्याचं तोंड बघितल्याशिवाय गाणं गोड लागत नाही ते भाऊ, ताठ बसून, न वळता म्हणाले,

"संपलं का गं? वळू का आमी आता?"